तारपा : उत्तर कोकणातील अखंड सुराचे वाद्य

तारपा हे उत्तर कोकणातील आदिवासींचे फुंकून वाजवायचे वाद्य आहे. वाळवून पोकळ केलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांच्या तोंडाशी कंप पावणाऱ्या पात्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा एवढाच त्याचा पसारा. वारली समाज हा त्याचा मुख्य धनी असला, तरी शेजारच्या इतर जमातींच्या पाड्यांवरही ते वाजत आले आहे. वाजवणाऱ्याला तारपकरी म्हणतात. तारप्याचा सूर एकदा सुरू झाला की मध्ये तुटत नाही. तारपकरी श्वास घेतो तेव्हाही भोपळ्यातून वारा वाहतच असतो. या गुणामुळे जगातील वाद्यांत तारप्याचे जवळचे नाते लागते ते पुंगीशी आणि दुसऱ्या टोकाला स्कॉटलंडच्या डोंगरी मुलखातील गेलिक भाषकांच्या बॅगपाइपशी.

प्रदेश आणि नावे

तारप्याचा मुख्य पट्टा म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार आणि मोखाडा हे तालुके. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला. त्याआधीच्या लेखनात हा सारा भाग ठाणे जिल्हा म्हणूनच येतो. पट्टा राज्याच्या सीमेपाशी थांबत नाही. गुजरातमधील उंबरगाव आणि दादरा-नगर हवेलीतही वारली वस्ती आहे आणि तिथेही तारपा आहे. 1960 साली महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हा एकाच जमातीचे पाडे दोन राज्यांत विभागले गेले. नाचाची रीत मात्र एकच राहिली.

पूर्वेला सह्याद्रीचा घाट चढून नाशिक जिल्ह्यातील पेठ-सुरगाण्याकडे आणि उत्तरेला डांगाकडे गेले की भोपळ्याच्या वाद्याचे नाव बदलते. कोकणा समाजात ते पावरी म्हणून ओळखले जाते. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात, मार्गशीर्षाच्या सुमारास, पावरीवाल्याशिवाय पान हलत नाही. तारपा आणि पावरी यांची लांबी, सजावट आणि चाली वेगळ्या असल्या तरी तत्त्व एकच आहे: भोपळा हा वाऱ्याचा साठा आणि बांबूच्या नळ्या हा आवाजाचा उगम.

दक्षिणेला रायगड जिल्ह्यात, पनवेल आणि कर्जतच्या डोंगरांत, ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत. पनवेलच्या सपाटीवर चित्र आणखी वेगळे होते. तिथल्या आगरी-कोळी समाजाच्या लग्नात मान असतो धवलारिणीचा. ती परंपरागत धवळे गाते आणि विधी पुढे नेते. वारल्यांच्या लग्नात हेच काम धवलेरी करते. दोन्ही नावे धवळे या जुन्या मराठी गीतप्रकारावरून आली आहेत. महानुभाव परंपरेतील महदंबेचे धवळे तेराव्या शतकातले आहेत, त्यावरून या प्रकाराच्या वयाचा अंदाज येतो. म्हणजे गाण्याच्या बाबतीत डोंगर आणि सपाटी एकमेकांना ओळखतात. वाद्याच्या बाबतीत मात्र सपाटीवर सनई-ढोल आले आणि भोपळ्याचे वाद्य डोंगराकडे राहिले.

घडण

तारप्याची सुरुवात होते ती वेलावर. लांब मानेचा, जाड सालीचा दुधी भाजीसाठी न तोडता वेलावरच पिकू देतात. तो कडक झाला की उतरवून वाळवतात, आतला गर आणि बिया काढतात आणि कवच मोकळे करतात. मानेच्या बाजूला फुंकण्यासाठी भोक ठेवतात. दुसऱ्या बाजूला बांबूच्या दोन नळ्या शेजारी शेजारी बसवतात. प्रत्येक नळीच्या भोपळ्यात राहणाऱ्या टोकाला एक पाती असते. बांबूच्याच तुकड्याला चीर देऊन ती काढलेली असते. एका बाजूने जोडलेली आणि दुसऱ्या बाजूने सुटी अशी ही चिमुकली जीभ वाऱ्याच्या दाबाने फडफडते आणि नळीत नाद उठतो. नळ्यांवर बोटांसाठी भोके असतात.

सांधे बुजवायला मधमाशांचे मेण लागते. हवा जिथे निसटेल तिथे सूर पडतो, म्हणून मेणाचे काम जपून करावे लागते. नळ्यांच्या खालच्या टोकाला ताडाची सुकी पाने गुंडाळून कर्णा करतात. तो आवाज पुढे फेकतो. लहान तारपा हातभर असतो. मोठ्याचा कर्णा वादकाच्या गुडघ्याखाली जातो, त्याहून लांब तारपेही बनतात. लांबी वाढली की आवाज खर्जाकडे झुकतो.

या यादीत बाजारातून आणायची वस्तू एकही नाही. भोपळा परसातला, बांबू आणि मेण रानातले, पाने ताडाची. लोखंड लागते ते फक्त कोयत्याचे आणि सुरीचे. म्हणूनच तारपा बनवणारा आणि वाजवणारा बहुतेक वेळा एकच माणूस असतो. पाती बिघडली, मेण वितळले, भोपळ्याला तडा गेला, तर नाच थांबवून कारागीर शोधायला जाता येत नाही. वादकालाच ते तिथल्या तिथे दुरुस्त करता यावे लागते.

भोपळा आणि पिशवी

तारपा आणि बॅगपाइप यांच्या रचनेत जे साम्य आहे, त्यातच त्यांच्यातला भेदही आहे. दोन्ही वाद्यांत वादकाचे ओठ पातीला लागत नाहीत. पाती बंद पोकळीत असते आणि पोकळीतला वारा तिला हलवतो. सनईत पत्ती ओठांत धरलेली असते. तिथे ओठांच्या दाबाने सुराला वळण देता येते. तारप्यात आणि बॅगपाइपमध्ये ती सोय नाही. वारा एका दाबाने वाहत राहिला पाहिजे, बाकी सारे काम बोटांचे.

फरक पडतो तो पोकळीत. बॅगपाइपची पिशवी पूर्वी मेंढीच्या किंवा इतर जनावराच्या कातड्याची असे. ती लवचीक असते. वादक तोंडाने ती भरतो, काखेत धरतो आणि कोपराने दाबतो. श्वास घ्यायला तोंड बाजूला केले तरी हाताच्या दाबाने वारा वाहतो. भोपळा मात्र कठीण आहे, तो दाबता येत नाही. त्यामुळे पिशवीचे काम तारपकऱ्याच्या गालांना करावे लागते. तो गाल फुगवून तोंडात वारा साठवतो. तोंडातला वारा गालांनी भोपळ्यात ढकलतानाच नाकाने नवा श्वास आत ओढतो. पुंगी वाजवणारा गारुडी हेच करतो, सनईवादकही दमसासासाठी हीच युक्ती वापरतात. पण सनईवादकाला हवे तिथे थांबता येते. तारपकऱ्याला नाच थांबेपर्यंत थांबायची मुभा नाही आणि नाच रात्रभरही चालू शकतो.

अखंड सुराची ही ओढ तारप्यापुरती नाही. याच पट्ट्यातील थाळगानात काशाच्या थाळीवर मेणाने एक काडी उभी करतात आणि ती बोटांनी निपटत राहून एकसारखा गुंजारव काढतात. त्या सुरावर कथा सांगितली जाते. दोन भोपळे आणि तारा असलेल्या घांगळीवर भगत देवांची कथा गातो, तेव्हाही तारांचा नाद पाठीमागे धरलेला असतो. घांगळी भगताची आणि तारपा सगळ्या पाड्याचा, असा वाद्यांतला वाटा आहे. बॅगपाइपमध्ये ही गरज वेगळ्या नळ्यांनी भागवली जाते. मोठ्या डोंगरी बॅगपाइपला खांद्यावर तीन नळ्या असतात. त्या एकच सूर धरून ठेवतात आणि चाल वाजते ती हातातल्या नऊ सुरांच्या नळीवर.

नाच

तारपा ऐकण्यासाठी नाही, नाचण्यासाठी वाजतो. तारपकरी अंगणाच्या मध्यभागी उभा राहतो. पुरुष आणि बाया एकमेकांच्या कमरेत हात घालून लांब साखळी करतात. साखळीच्या टोकाला असलेल्या नाचणाऱ्याच्या हातात काठी असते. ती जमिनीवर आपटून तो पावलांना ताल देतो. साखळी तारपकऱ्याभोवती फिरते, कधी आत गुंडाळली जाते, कधी उलगडते. फिरताना नाचणारे तारपकऱ्याकडे पाठ करत नाहीत.

तारपकरी एका जागी खिळून राहत नाही. तो हळूहळू सरकतो, वाकतो, वळतो आणि साखळी त्याच्या मागे वळते. त्याने चाल बदलली की पावले बदलतात. या चालींना चाळे म्हणतात. नाचाचा प्रकार, पावलांची उडी आणि रात्रीचा प्रहर पाहून तारपकरी चाळा निवडतो. नाचणाऱ्यांना पुढचा चाळा तोंडाने सांगितला जात नाही. पहिले काही सूर कानी पडताच साखळी तो ओळखते.

येथे वाद्याच्या घडणीचा आणि नाचाच्या आकाराचा मेळ स्पष्ट दिसतो. सूर तुटत नाही, म्हणून साखळी तुटत नाही. मध्येच श्वासासाठी थांबणाऱ्या वाद्यावर हा नाच चालला नसता.

ऋतू आणि दैवत

वारल्यांच्या परंपरेत तारपा वर्षभर वाजवायचे वाद्य नव्हते. पावसाळ्यात लावणी आणि बेणणी चालू असताना तो वाजत नसे. भात निसवू लागले, नवे धान्य देवाला दाखवून खाण्याचे दिवस जवळ आले की तारपा बाहेर निघे आणि दिवाळीपर्यंत त्याचे राज्य असे. धान्याची देवी कणसरी ही या काळाची मुख्य देवता. अश्विन वद्य द्वादशीला, वाघबारशीला, वाघदेवाची पूजा होते. गुरे राखणारे आणि रानात हिंडणारे लोक वाघाला देव मानून त्याच्याकडे अभय मागतात. त्या दिवसांत पाड्यापाड्यावर तारपा घुमतो.

या नियमामागे श्रद्धा आहे तसे शेतीचे गणितही आहे. उत्तर कोकणातील डोंगरउतारावर भात, नाचणी आणि वरी ही पावसाची पिके. आषाढ-श्रावणात माणसाला रात्रभर जागायला उसंत नसते आणि घरातले धान्यही संपत आलेले असते. नाचाला लागणारे मोकळे अंगण, कोरडी जमीन, पोटाला अन्न आणि कामातून सुटका या चारही गोष्टी भाद्रपदाच्या अखेरीपासून एकत्र येतात. भोपळ्यालाही ओल मानवत नाही. दमट हवेत पाती जड होते आणि मेणाचा सांधा धरत नाही. देवाचा नियम, शेताचा नियम आणि वाद्याचा स्वभाव तिन्ही एकाच पंचांगावर चालतात.

विद्या हातोहात

तारप्याची विद्या लिहिलेली नाही. मुलगा बापाच्या किंवा मामाच्या मागे फिरतो, नाचाच्या साखळीत उभा राहून चाळे कानांत साठवतो आणि मोठा झाल्यावर वाद्य हातात घेतो. आधी पाय शिकतात, मग बोटे. त्यामुळे ज्याने नाच केलेला नाही, तो तारपकरी होत नाही.

गेलिक परंपरेत बॅगपाइपची विद्याही दीर्घकाळ तोंडी होती, पण तिला आश्रय वेगळा होता. स्काय बेटावरील डनवेगनच्या मॅक्लाउड सरदारांनी मॅक्रिमन घराण्याला पिढ्यान्पिढ्या वादक म्हणून ठेवले. बोररेग येथे मॅक्रिमनांची पाठशाळा चाले आणि इतर सरदार आपले वादक तिथे शिकायला पाठवत. शिकवण्यासाठी त्यांच्याकडे बोलांची भाषा होती. ठरावीक स्वर-व्यंजनांची अक्षरे गाऊन गुरू चाल सांगे आणि शिष्य ती पाठ करी. तबल्याचे बोल पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला ही पद्धत परकी वाटणार नाही. त्या परंपरेतील मोठ्या, संथ आणि अलंकारांनी वाढत जाणाऱ्या रचनांना गेलिकमध्ये थोर संगीत म्हणतात आणि नाचाच्या व कूचाच्या चालींना लहान संगीत.

तारप्याला सरदाराचा आश्रय नव्हता. याच मुलखात जव्हारचे मुकणे संस्थान होते, ते 1948 मध्ये विलीन झाले. परंतु तारपकरी दरबारचा नोकर नव्हता. त्याला जमीन किंवा वेतन वाद्यामुळे मिळत नसे. तो इतरांसारखाच भात लावी, लाकूड तोडी आणि मोसम आला की वाद्य उचली. दरबार नसल्याने मोठ्या, केवळ ऐकण्याच्या रचना तारप्यावर वाढल्या नाहीत. सारे बळ नाचाच्या चाळ्यांकडे गेले. दरबारच नसल्याने दरबार बुडाला म्हणून वाद्य बुडण्याची वेळही तारप्यावर आली नाही.

गेलिक वादकांवर ती वेळ आली. 16 एप्रिल 1746 रोजी कलोडनच्या लढाईत ब्रिटिश राजाविरुद्ध उठलेल्या जेकोबाइटांचा पराभव झाला. त्यानंतर डोंगरी सरदारांची जुनी सत्ता मोडली. जेम्स रीड नावाच्या वादकाने आपण शस्त्र धरले नव्हते असा बचाव केला. बॅगपाइप हेच युद्धाचे साधन आहे असे म्हणून इंग्रजी न्यायालयाने तो फेटाळला आणि 1746 मध्येच यॉर्क येथे त्याला फाशी देण्यात आली. सरदार जमीनदार झाले, त्यांना वंशपरंपरागत वादकांची गरज उरली नाही आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मॅक्रिमनांची पाठशाळा बंद पडली.

या विद्येचा पहिला सविस्तर ग्रंथ हिंदुस्थानच्या वाटेवर लिहिला गेला. जोसेफ मॅकडोनल्ड हा तरुण ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीसाठी 1760 च्या सुमारास निघाला आणि त्याच काळात त्याने बॅगपाइपच्या संगीताचे शास्त्र लिहून काढले. काही वर्षांतच तो येथे तापाने वारला. पुढे त्याचे हस्तलिखित बंगालमध्ये सर जॉन मॅकग्रेगर मरे यांच्या हाती लागले, स्कॉटलंडला परत गेले आणि 1803 मध्ये छापले गेले.

स्कॉटिश माणसे कोकण-दख्खनात

ज्या वर्षी हा ग्रंथ छापला गेला, त्याच वर्षी डोंगरी पलटणी महाराष्ट्रात लढत होत्या. 23 सप्टेंबर 1803 रोजी असई येथे शिंदे-भोसले यांच्या फौजेशी ब्रिटिश सेनापती वेलस्लीची लढाई झाली. असई आज जालना जिल्ह्यात आहे. वेलस्लीच्या सैन्यात 74वी आणि 78वी या दोन हायलँडर पलटणी होत्या. सरदारांचा आश्रय गेल्यावर बॅगपाइपला नवा धनी मिळाला तो अशा पलटणींत. आरंभी वादकांचा खर्च अधिकारी स्वतः उचलत. ब्रिटिश लष्कराने 1854 मध्ये त्यांची पदे अधिकृत केली. पुढे पलटणींमार्फत हे वाद्य हिंदुस्थानी सैन्यात रुजले आणि उत्तराखंडच्या डोंगरांत मशकबीन म्हणून लग्नाच्या वरातीत शिरले.

वारल्यांविषयीचे एक आरंभीचे इंग्रजी लेखनही एका स्कॉटिश माणसाचेच आहे. मुंबईचे मिशनरी आणि विल्सन कॉलेजचे संस्थापक डॉ. जॉन विल्सन यांनी उत्तर कोकणातील वारली आणि कातोडी या जमातींचे वर्णन लिहिले. ते 1843 मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आले. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, 1945 मध्ये, के. जे. सावे यांचे वारल्यांवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव सुरू झाला. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्याची हकिकत सांगितली आहे. जमीन सावकार-जमीनदाराची आणि राबणारे हात आदिवासींचे, अशी तेव्हाची स्थिती होती. अशा काळातही कापणीच्या आसपासचा नाच टिकला, कारण तो कुणाच्या परवानगीवर किंवा बिदागीवर चालत नव्हता.

चित्रातला तारपा

तारपा महाराष्ट्राबाहेर पोहोचला तो आवाजाच्या आधी चित्रातून. वारली बाया लग्नाच्या वेळी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढत. त्यात पालघट देवी असे, भोवती झाडे, जनावरे आणि माणसे. 1970 च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे हे चित्र भिंतीवरून कागदावर आले. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांनी त्याला स्वतंत्र कलेचे रूप दिले. 1934 मध्ये जन्मलेल्या म्हसे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये त्यांचे निधन झाले. वारली चित्रकलेला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

कागदावरच्या या चित्रांत तारप्याचा नाच हा सर्वांत ओळखीचा विषय झाला. मध्ये वाकलेला तारपकरी, त्याच्या हातातला लांब कर्णा आणि भोवती आतून बाहेर उलगडत जाणारे नाचणाऱ्यांचे वेटोळे. आज हे वेटोळे साड्यांवर, कपांवर, शाळांच्या आणि रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर दिसते. पाहणाऱ्यांतील बहुतेकांनी तारपा ऐकलेला नसतो. चित्रातही एक गोष्ट मात्र अचूक उतरली आहे. वेटोळे बंद होत नाही, त्याचे एक टोक मोकळे असते. साखळीत येणारा तिथेच जोडला जातो.

बदल

गेल्या काही दशकांत तारप्याचे पंचांग मोडले आहे. पहिले कारण स्थलांतर. पावसाच्या एका पिकावर वर्ष निघत नाही, म्हणून दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याकडची कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला उतरतात. ही कामे भिवंडी, वसई, ठाणे, पनवेल अशा वाढत्या शहरांभोवती असतात. माणसे परततात ती पावसाच्या तोंडावर. त्यामुळे तारप्याचे दिवस हेच पाडा पांगण्याआधीचे शेवटचे एकत्र दिवस ठरतात. कामासाठी लवकर निघावे लागले, तर तेही हातून जातात.

दुसरे कारण आवाज. लग्नात आणि सणात बेंजो पार्टी आणि डीजे आले. त्यांच्यापुढे भोपळ्याचा आवाज पोहोचत नाही. तिसरे कारण सामान. दुधीचे जाड सालीचे जुने वाण परसातून कमी झाले, रान दूर गेले आणि मधमाशांचे मेण सहज मिळेनासे झाले. ज्या वाद्याला कधी पैसा लागत नव्हता, त्याचे सामान आता शोधून आणावे लागते.

याच काळात तारप्याला मंच मिळाला. शासकीय महोत्सव, प्रजासत्ताक दिनाचे सोहळे, मोर्चे आणि आदिवासी दिनाचे मेळावे येथे तो वर्षभर वाजतो. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने, जिची स्थापना 1962 ची आहे, आदिवासी कला आणि वस्तूंचे जतन हाती घेतले. जव्हार तालुक्यातील वाळवंडे येथील, वयाची नव्वदी ओलांडलेले तारपकरी भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2026 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तारपा वाजवण्याबरोबर तो घडवण्याचीही विद्या त्यांच्याकडे आहे. तारपकऱ्याला वाद्यामुळे राष्ट्रीय मान मिळावा, ही परंपरेत नवी गोष्ट आहे.

मंचाचा पुढचा परिणाम कसा होतो, याचे उत्तर बॅगपाइपच्या इतिहासात आहे. लंडनच्या हायलँड सोसायटीने 1781 मध्ये फॉल्कर्क येथे बॅगपाइपची स्पर्धा भरवली. काही वर्षांत ती एडिंबराला हलली. स्पर्धेने विद्या वाचवली, वादकांना मान आणि बक्षिसे मिळवून दिली, रचना कागदावर उतरवून घेतल्या. पण परीक्षकांना तुलना करण्यासाठी एक पाठ हवा असतो. छापलेला पाठ प्रमाण ठरला आणि तोंडी परंपरेतील पाठभेद मागे पडले. वाद्य नाचापासून सुटून कवायतीच्या मैदानावर आणि स्पर्धेच्या मंचावर गेले. स्कॉटलंडमधून कॅनडात गेलेल्या गेलिक कुटुंबांनी केप ब्रेटन बेटावर नाचाच्या पावलांसाठी वाजवण्याची जुनी ढब मात्र सांभाळली. तिथे स्पर्धा आणि पलटण यांचा शिरकाव उशिरा झाला आणि स्वयंपाकघरातला नाच चालू राहिला. पुढे स्कॉटलंडच्याच वादकांना आपली हरवलेली लय शोधायला तिकडे पाहावे लागले.

तारपा आता त्याच वळणावर आहे. मंचावर दहा मिनिटे मिळतात, रात्र मिळत नाही. साखळी प्रेक्षकांकडे तोंड करून उभी राहते, तेव्हा तारपकऱ्याकडे पाठ होते. चाळे निवडायचे ते पावलांकडे पाहून नव्हे, कार्यक्रमपत्रिकेकडे पाहून. ध्वनिमुद्रण आणि पुरस्कार यांनी वाद्याचे नाव टिकेल, सूरही टिकतील. चाळा ओळखून वळणारी पावले मात्र फक्त अंगणातच घडतात.

म्हणून तारप्याचे जतन म्हणजे संग्रहालयातील भोपळ्याचे जतन नव्हे. परसात दुधीचा जाड सालीचा वेल, घरात तारपा घडवणारे हात आणि दिवाळीआधी पाड्यावर माणसे थांबू शकतील एवढे गावातच काम, या तीन गोष्टी असतील तोवर तारपा वाजेल. त्यांतली एक जरी गेली, तरी सूर तुटतो.